अठ्ठावीस दिवसांत शून्य मिलिग्रॅम

१ सप्टेंबर, सकाळी ६.१०
निर्णय झाला. गोळी बंद करायची.

अपस्माराचा शेवटचा झटका येऊन सहा वर्षे चार महिने झाले. जो आजार सहा वर्षे तोंड दाखवत नाही तो घरातच आहे असे मानणे ही सुशिक्षित माणसाला न शोभणारी अंधश्रद्धा होय. उलट गोळी मात्र रोज उपस्थित असते आणि तिची खूण माझ्या उजव्या हातावर स्पष्ट दिसते. हात थरथरतो. सूक्ष्म थरथरतो, परंतु माझ्या व्यवसायात सूक्ष्म हेच सर्वस्व.

२८ तारखेला प्रयोगशाळेची तपासणी. दुकानातल्या मापापासून औषध कारखान्यातल्या तराजूपर्यंत सगळ्यांची वजने शेवटी आमच्याकडच्या एक किलोच्या प्रमाण वजनाशी ताडली जातात. ते वजन काचेच्या दुहेरी झाकणाखाली असते. अकरा वर्षांत त्याला मनुष्याची त्वचा लागलेली नाही. बाहेरचे दोन परीक्षक येणार, मी ते चिमट्याने उचलून तराजूवर ठेवणार, ते पाहणार. हात थरथरला तर प्रमाणपत्रांवर सही करण्याचा अधिकार गेला. एकवीस वर्षांची सही!

डॉक्टरीणबाईंना विचारणे निरर्थक. मागे सहज विषय काढला तेव्हा म्हणाल्या होत्या की, गोळी कमी करायची वेळ आली तर मी करीन, महिनोन्महिने, हळूहळू. तुम्ही मनाने काही करायचं नाही. त्यांचे वय चौतीस. माझ्या काही चिमट्यांचे वय त्याहून जास्त आहे.

१ सप्टेंबर, दुपारी १.४०
आराखडा तयार. आजचा डोस हजार मिलिग्रॅम. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. २८ तारखेस शून्य. मधल्या सत्तावीस पायऱ्या. प्रत्येक पायरी ३७.०३७ मिलिग्रॅमची. आवर्ती दशांश. डॉक्टर मंडळी अर्धी गोळी, पाव गोळी अशा ओबडधोबड उड्या मारतात. हे वाण्याचे काम झाले. माझी रेषा सरळ आहे.

२ सप्टेंबर
जेवणाच्या सुटीत पहिली गोळी कापली. गोळीचे एकूण वजन ७३१, त्यात औषध ५००. तो गुणाकार आलाच. नव्या पात्याने कडा खरवडली. त्रुटी ०.२ मिलिग्रॅमच्या आत. जगात इतक्या काटेकोरपणे कोणी गोळी घेतली नसेल.

गोळीच्या नावामागे ‘सीआर’ अशी अक्षरे आहेत. उत्पादकांना अक्षरे चिकटवण्याची हौस असते.

माझी सहायिका डोकावली. हिला मी मनातल्या मनात ‘पूर्णांक’ म्हणतो, कारण आकडा दिसला की जवळच्या पूर्णांकाला नेऊन बसवते. साहेब, हे कसलं सँपल, असे विचारले. खाजगी, असे सांगितले. तर म्हणे, खाजगी सँपलला पण नोंद क्रमांक लागतो, तुमचाच नियम. गेली एकदाची.

३ सप्टेंबर
आठवड्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आजवर पत्नी भरत असे. आजपासून मी भरणार असे जाहीर केले. तिला आनंद झाला. अहो, सूर्य कुठे उगवला आज, असे म्हणाली व चहात साखर जरा जास्त घातली. अपराधी वाटण्याचे कारण नाही. डबी मीच भरतो आहे, हे अक्षरशः खरे आहे.

५ सप्टेंबर, सायं. ५.३०. डोस ८५१.८५
हात बघितला. थरथर कमी! तराजूचा काटा बाराऐवजी नऊ सेकंदांत स्थिरावला. (पूर्णांक म्हणते, आज एसी बंद होता. पाण्यात पाहते.)

७ सप्टेंबर
सकाळी साडेदहाला डोके गरगरले, सगळे दोन-दोन दिसले. संध्याकाळी मात्र आतून पोकळ, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे. शरीर नव्या संतुलनाकडे सरकत आहे. तराजूही स्थिर होण्याआधी झुलतो.

पत्नीला एका सहकाऱ्याचा म्हणून प्रश्न विचारला: सहा वर्षे झटका नाही, तर गोळी का घ्यावी? तिने भाजी निवडता निवडता मान वर न करता उत्तर दिले की, छत्री धरून सहा वर्षं कोरडा राहिला म्हणून पाऊस थांबला असं कोण म्हणतं? आणि तो सहकारी कोण, त्याला एकदा जेवायला आणा.

दृष्टान्त सदोष आहे. पाऊस बाहेर पडतो. आजार आत असतो, हे पुढचे तिला सांगितले नाही.

९ सप्टेंबर, सकाळी ७.०५. डोस ७०३.७
कप पडला. हात खांद्यापासून एकदम उडाला, जणू कोणी कोपर ओढले. कपाचा कान निसरडा आहे. सहा कपांपैकी आता चार उरले, कारण परवाही एक पडला होता. ते इथे लिहिणे राहून गेले.

पत्नी तुकडे गोळा करताना म्हणाली, कप पडला तर कपाचा दोष, पाय चुकला तर जिन्याचा; नाचता येईना अंगण वाकडं. मग उभी राहून तिने विचारले: गोळी घेतलीत ना? घेतली, असे ठणकावून सांगितले. किती, हे तिने विचारले नव्हते.

११ सप्टेंबर
प्रयोगशाळेत जळक्या रबराचा वास. तीव्र. पाच-सहा सेकंद. वायरिंग जळते आहे! ताबडतोब लेखी तक्रार केली, मुख्य स्विच बंद करवला. दीड तास सगळे काम ठप्प. इलेक्ट्रिशियनने तीन बोर्ड उघडले, काही नाही. हल्लीचे इलेक्ट्रिशियन!

१३ सप्टेंबर
पुन्हा वास. पुन्हा तक्रार. इलेक्ट्रिशियन या वेळी हातपाय पसरूनच बसला. म्हणाला, साहेब, पूर्ण बिल्डिंगचं नाक एका तुमच्याच चेहऱ्यावर कसं? बाकी कोणालाच येत नाही वास.

उद्धट आहे. परंतु हेही नोंदवावे लागेल की सहा वर्षांपूर्वी, त्या दिवशी बँकेत, पडण्याआधी, असाच

योगायोगाला पुरावा म्हणत नाहीत.

१५ सप्टेंबर, दुपारी ३.२०. डोस ४८१.४८
रेषेचा मध्य ओलांडला. स्वतःचे अभिनंदन करण्याची सवय मला नाही, तरी आज केले.

एक किरकोळ प्रसंग. पूर्णांक आकडे वाचत होती, मी लिहून घेत होतो. नंतर पाहतो तर मोजणीच्या वहीत एका ओळीच्या मध्येच माझे अक्षर तिरके होऊन कागदाबाहेर गेलेले, व समासात तिच्या अक्षरात नोंद: ‘२.४१ वाजता साहेबांनी सुमारे ४० सेकंद उत्तर दिले नाही. ओठ हलत होते. तीनदा हाक मारली.’

तिला बोलावून सांगितले की ‘सुमारे’ हा शब्द मोजणीच्या वहीत चालत नाही. ती म्हणाली, बरोबर आहे साहेब, पण मी घड्याळ बघत नव्हते, तुमच्याकडे बघत होते. घाबरली होती. डोळे लाल.

मी विचारात गढलो होतो, असे सांगितले. विचारी माणसांना असे होते.

मला ती हाक आठवत नाही. एकही.

१८ सप्टेंबर, सायं. ६.५०. डोस ३७०.३७
आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे.

पाती बोथट झाली म्हणून औषधांच्या दुकानात गोळी कापायचे यंत्र मागितले. दुकानदार बाई पंधरा वर्षे ओळखीच्या. कोणती गोळी कापायची, असे विचारले. नाव सांगितले. त्यांचा हात यंत्रावरून मागे गेला.

अहो सर, ही नाही कापायची कधी! सीआर आहे ना. सावकाश सुटणारी. अख्खी गिळली तर दिवसभर थेंबथेंब औषध देते. कापली की सगळं एकदम अंगात, आणि नंतर बारा तास काहीच नाही. धरणाला भगदाड पाडल्यासारखं. कुणी सांगितलं तुम्हाला कापायला?

एका सहकाऱ्यासाठी विचारतोय, असे मी सांगितले.

त्या म्हणाल्या की, मग त्या सहकाऱ्याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. आता घाबरून एकदम अख्ख्या गोळ्याही त्याने मनाने सुरू करायच्या नाहीत. फोन करा, मी लावून देऊ का? त्यांनी फोन उचललासुद्धा.

मी निघालो. कोपऱ्यावरच्या बाकावर अकरा मिनिटे बसलो.

म्हणजे सकाळचे गरगरणे आणि संध्याकाळची पोकळी हे संतुलन नव्हते. म्हणजे मी सतरा दिवस वजन अचूक मोजले आणि मोजायचे ते वजन नव्हतेच. मला काळ मोजायला हवा होता. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अशी चूक करता तर त्याला मी वर्गाबाहेर

६ वा. ५८ मि.
शांतपणे विचार केला. माझ्याकडे उरलेले बहुतेक तुकडे आधीच कापलेले आहेत. दहा दिवस उरले. डॉक्टरीणबाईंना सांगितले तर त्या प्रथम मला रजेवर बसवतील, म्हणजे तपासणी गेली, म्हणजे सही गेली. शिवाय आता डोसच इतका लहान आहे की भगदाड म्हटले तरी ते लहानच. युक्तिवाद निर्दोष आहे.

दोनदा वाचला. निर्दोष आहे.

२१ सप्टेंबर
सकाळी पत्नीला माझ्या कोटाच्या खिशात पांढरी पूड आणि कागदाची पुडी सापडली. पुडीवर माझे अक्षर: ‘२१/९, सायं., १२९.६३’. तिने ती टेबलावर, माझ्या ताटाशेजारी ठेवली व समोर बसली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करतोय, असे मी म्हणालो.

बत्तीस वर्षांत मी तिच्याशी खोटे बोललेलो नाही. त्यामुळे तिने विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, तिचा चेहरा उजळला. म्हणजे बरं झालं म्हणायचं का आता? मला आधी का नाही सांगितलंत, अहो? उगीच कपावरून बोलले मी तुम्हाला. मग पदराने डोळे पुसले.

तीस तारखेला डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, असेही सांगितले. हे खोटे नव्हे. मी लगेच फोन करून खरोखर घेतली. दोन दिवस उशिराची घेतली, इतकेच.

जेवण गेले नाही.

२४ सप्टेंबर. डोस १४८.१५
सकाळी दोनदा हात उडाला. दाढी करताना. हनुवटीवर पट्टी. वास रोज येतो. आता तक्रार करत नाही.

पूर्णांक दार लावून घेऊन माझ्या केबिनमध्ये उभी राहिली. साहेब, रागवा, पण ऐका. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की वजन तुम्हीच उचललं पाहिजे. कुणीही प्रशिक्षित माणूस चालतो. मला तुम्हीच शिकवलंय. अठ्ठावीसला मी करते, तुम्ही शेजारी खुर्चीवर बसा. त्यांना तुमचा हात नाही बघायचा, आकडे बघायचेत.

तिला विचारले की शिष्याने गुरूची खुर्ची ओढायची ही पद्धत कुठे शिकवतात. ती म्हणाली, खुर्ची ओढत नाही साहेब, खुर्ची देतेय. बसा म्हणतेय.

वाक्य बरे जमले होते. त्यामुळे अधिकच संताप आला. शेरास सव्वाशेर व्हायला आधी शेर तरी पुरा असावा लागतो, असे बोललो. ती गेली. दार आवाज न करता लावले.

जास्त बोललो का? तपासणीनंतर पाहू.

२६ सप्टेंबर
रंगीत तालीम. चौदा वेळा वजन उचलले, अर्थात प्रमाण वजन नव्हे, त्याची प्रतिकृती. तेरा वेळा निर्दोष. पाचव्या खेपेस काय झाले हे नीट आठवत नाही. प्रतिकृती खिडकीच्या कठड्यावर सापडली. कोणी ठेवली? खोलीत मी एकटाच होतो.

९३ टक्के यश.

२७ सप्टेंबर, सायं. ७.१५. डोस ३७.०४
शेवटची पुडी. चिमटीत मावेना इतकी थोडी. जिभेवर कडू.

पत्नीने उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली आहे. म्हणाली, मी पण येऊ का? मागे कोपऱ्यात उभी राहीन. एकवीस वर्षांत तुमचं काम कधी बघितलं नाही. बाहेरच्यांना प्रवेश नसतो, असे सांगितले. बरं, म्हणाली.

खरे तर आधी परवानगी घेतली तर प्रवेश मिळतो.

२८ सप्टेंबर, सकाळी ९.१०. डोस ०
शून्य. रेषा जिथे मिळायची तिथेच मिळाली.

परीक्षक आले आहेत; दालनात चहा चालू आहे. हात समोर धरून पाहतो आहे. दगडासारखा. एक तंतूही हलत नाही. इतका स्थिर हात मला विद्यार्थिदशेनंतर लाभलेला नाही. गोळी, डॉक्टर, दुकानदार बाई, सगळ्यांनी येऊन पाहावा असा हा हात आहे.

जळका वास. हरकत नाही. हातमोजे घातले. पूर्णांक झाकण काढते आहे. निघतो.

३० सप्टेंबर
रुग्णालय. जीभ सुजली आहे, त्यामुळे बोलता येत नाही. लिहितो. हाताला सुई आहे. अक्षराबद्दल कोणी काही म्हणू नये.

मला काहीही आठवत नाही. झाकण निघाले, इथपर्यंत.

डॉक्टरीणबाई आल्या. आजचीच वेळ घेतली होती म्हणा. रागावतील असे वाटले होते, तशी तयारी होती. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, एकामागून एक तीन झटके आले, मधे शुद्ध नाही. तुमच्या सहायिकेने कुशीवर वळवलं, वेळ मोजली, पाच मिनिटं होताच गाडी बोलावली. अजून थोडा उशीर झाला असता तर मी आज तुमच्याशी नाही, फक्त तुमच्या मिसेसशी बोलत असते.

मग हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ही थरथर कधीपासून होती? वर्षभर, असे लिहून दाखवले. त्यांनी माझी फाइल काढली. दर भेटीच्या कागदावर ‘काही त्रास?’ या प्रश्नापुढे माझ्या अक्षरात, सुवाच्य, ‘नाही’. चार वेळा. त्या म्हणाल्या, अहो, या औषधाने अशी थरथर येते, आम्हाला माहीत असतं. डोस थोडा बदलता येतो, औषध बदलता येतं, आणखी उपाय आहेत. तुम्ही नुसतं सांगायचं होतं.

पत्नी खिडकीपाशी उभी होती. पाठ माझ्याकडे. दोन दिवसांत ती माझ्याशी एकच वाक्य बोलली आहे: सल्ल्याने म्हणालात मला.

३ ऑक्टोबर, सकाळी ११
गोळ्या पुन्हा सुरू. अख्ख्या. नवी एक वाढली. जीभ अजून सुजलेली, पण थोडे बोलता येते. परिचारिका तोंड उघडायला लावून बघते.

पूर्णांक भेटायला आली. तपासणी झाली, असे सांगितले. परीक्षकांनी दुसऱ्या दिवशी येऊन तिच्याकडून सगळे करून घेतले, दुय्यम वजनावर. शेरा काही नाही. उत्तीर्ण.

दुय्यमवर का, असे विचारले. तिने पिशवीतून अहवाल काढून दिला. म्हणाली, साहेब, तुम्ही आधी वाचा, मग पाठवते.

वाचला. ‘९.२६: संबंधित व्यक्तीने उजवा हातमोजा काढला. ९.२६: प्रमाण वजन उघड्या हाताने उचलले. हाक मारली असता प्रतिसाद नाही. ९.२७: वजन पँटच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत ठेवले. परीक्षकांना नमस्कार केला व दाराकडे चालू लागली. ९.२८: दारात कोसळली.’ पुढे: पृष्ठभागावर सात ओरखडे, बोटांचे ठसे, वजन वापरातून काढले, नव्याने प्रमाणित होऊन येण्यास अंदाजे आठ महिने.

चूक शोधली. दोनदा शोधली. वेळा बरोबर, क्रम बरोबर, एकही ‘सुमारे’ नाही. फक्त एक रकाना रिकामा. ‘घटनेचे कारण.’

हे काय, असे विचारले. ती नखे बघत म्हणाली, तेवढंच मला लिहिता येईना, साहेब. आजार लिहिलं असतं, पण सहा वर्षं तर तुम्ही बरे होतात. डॉक्टर सांगत नाहीत, वहिनी पण सांगत नाहीत. मला खरंच कळलं नाही काय झालं ते.

पेन मागितले. ‘तांत्रिक बिघाड’ असे लिहिले. पत्नी शेजारी मोसंबी सोलत होती. तिने वाचले. साल काढत राहिली. मी ते खोडले. ‘औषधाच्या स्वरूपाबाबत अपुरी माहिती’ असे लिहिले. हे अर्धे खरे होते, अठरा तारखेपर्यंतचे. तेही खोडले. रकान्यात जागा थोडीच उरली होती, म्हणून लहान अक्षरात लिहावे लागले, आणि हात जुन्यासारखाच थरथरत होता:

‘संबंधित व्यक्तीने डॉक्टरांना न सांगता गोळ्या कापून बंद केल्या. हात थरथरतो हे कोणाला सांगण्याची तिला लाज वाटली.’

पूर्णांकाने वाचले. नाक ओढले. पत्नीने मोसंबीची एक फोड तिला दिली, एक माझ्या तोंडाशी धरली. सुजलेल्या जिभेला झोंबली. खाल्ली.

मग मी सवयीने अहवालाच्या तळाशी सही करायला पेन टेकवले. पूर्णांकाने कागद हळूच ओढून घेतला. तिथे मी करायची आता, साहेब, असे म्हणाली. तुम्ही फक्त सांगा, वरचं बरोबर आहे ना?

बरोबर आहे, असे सांगितले.